त्याच जागी परत आलेली गाठ: हार्मोनला दाद देणारा स्तनाचा कॅन्सर उलटला तर

ताई आंघोळ करून बाहेर आली, माझं बोट धरलं आणि डाव्या छातीवर जुन्या टाक्यांच्या रेषेवर टेकवलं. "बघ गं, काही लागतंय का?" लागलं. तुरीच्या डाळीएवढं, टणक, खाली घट्ट बसलेलं. दुखत नव्हतं. "दोऱ्याची गाठ असेल," ती म्हणाली. स्तन काढून सात वर्षं झाली होती. सात वर्षांनी दोऱ्याची गाठ कुठून येणार, हे दोघींनाही कळत होतं, तरी त्या रात्री दोघी तेच घोकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावच्या एका सर्जननी ती गाठ जागच्या जागी भूल देऊन काढून टाकली. पंधरा मिनिटांचं काम. तुकडा सलाइनच्या बाटलीत पडला, मध्ये रविवार आला, लॅबला सोमवारी पोचला. रिपोर्ट आला: कॅन्सर आहे, कडेपर्यंत आहे, आणि हार्मोनच्या तपासणीसाठी नमुना लायक नाही. म्हणजे रोग परत आलाय एवढं कळलं, तो कुठल्या जातीचा ते कळलं नाही, आणि पूर्ण निघालाही नाही. पुढचे दोन महिने ही घाई निस्तरण्यात गेले.

तेव्हापासून मी ताईबरोबर आणि नंतर ओळखीपाळखीच्या बऱ्याच बायकांबरोबर फाइल घेऊन ओपीडीत बसले आहे. मी डॉक्टर नाही. पण कुठली पायरी कुठल्या पायरीच्या आधी येते आणि कुठे माणसं घसरतात, हे जवळून पाहिलंय. ते लिहिते.

आधी 'परत आला' म्हणजे कुठे, ते ठरवा

स्तनाचा कॅन्सर उलटतो तेव्हा तो तीन प्रकारच्या जागी येऊ शकतो. पहिली जागा तीच: स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर उरलेल्या स्तनात, पूर्ण स्तन काढला असेल तर छातीच्या कातडीत, टाक्यांच्या रेषेत किंवा खालच्या स्नायूत. याला स्थानिक म्हणतात. दुसरी जागा शेजारची: त्याच बाजूची काख, गळपट्टीच्या हाडाच्या वरचा खळगा, छातीच्या मधल्या हाडाच्या मागच्या ग्रंथी. तिसरी जागा लांबची: हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदू.

पहिल्या दोन जागांपुरताच रोग असेल तर डॉक्टर अजूनही 'बरा करायचा' या इराद्याने उपचार आखतात. लांब पोचला असेल तर इरादा बदलतो, तो आटोक्यात ठेवण्याचा होतो. 'परत आला' हे दोनच शब्द ऐकून घरात रडारड सुरू होते, तेव्हा सगळे मनाने थेट तिसऱ्या जागी पोचलेले असतात. स्कॅन होईपर्यंत तिथे जाऊ नका.

छातीवरचा परतलेला रोग दर वेळी गाठ म्हणून येत नाही. कधी मोहरीएवढे लाल पुरळ, कधी ॲलर्जीसारखा चट्टा, कधी टाक्यांची रेष जाड आणि ओढलेली. एका काकूंनी चार महिने नायट्याचं मलम लावलं. उलट बाजूही सांगते: शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या स्तनात चरबी मरून टणक गोळा होतो, तो मॅमोग्राफीतही कॅन्सरसारखा दिसू शकतो. डोळ्यांनी आणि बोटांनी निकाल लागत नाही.

कात्री नंतर, सुई आधी

माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. गाठ 'काढून बघू' असं कुणी म्हणालं तर हात जोडून सांगा की आधी सुईची बायोप्सी करा. जाड सुईची, जिला कोअर बायोप्सी म्हणतात. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून काढतात, त्यात कॅन्सर आहे का एवढं कळतं, पण हार्मोनची तपासणी भरवशाने होत नाही. कातडीवरचा चट्टा असेल तर पंच बायोप्सी, पेन्सिलच्या टोकाएवढा गोल तुकडा.

नमुना लगेच फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनमध्ये नाही, कोरडा तर मुळीच नाही. फॉर्मालिनमध्ये तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा असा नियम आहे. त्याच्या आत-बाहेर झालं तर हार्मोनचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. शनिवारी दुपारी बायोप्सी करून बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत. बाटलीत काय आहे आणि ती लॅबला कधी पोचणार, हे विचारायला लाजू नका.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी हव्यातच: ईआर, पीआर, हर-टू (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत त्याचं माप). ईआर म्हणजे इस्ट्रोजेन हा हार्मोन जिथे अडकतो ती खुंटी, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनची. कॅन्सरच्या पेशींवर या खुंट्या असतील तर तो हार्मोनवर वाढतो, आणि हार्मोन तोडला की उपाशी मरतो. शंभरात एक पेशी जरी रंगली तरी ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात आणि त्यांचं वागणं बरंचसं निगेटिव्हसारखं असतं. आपल्याकडे बऱ्याच लॅब आठपैकी गुण देतात, ऑलरेड स्कोअर नावाने. सात-आठ म्हणजे भरपूर. हर-टू २+ आला तर तो अर्धवट निकाल आहे, त्यावर फिश नावाची पुढची तपासणी लागते. ती न करता उपचार सुरू होत असतील तर थांबवा.

'पहिल्या वेळी ईआर पॉझिटिव्ह होता, मग परत कशाला तपासायचा?' हा प्रश्न हमखास येतो. कारण रोग जात बदलतो. परतलेल्या गाठीत ईआर बदललेला निघण्याचं प्रमाण शंभरात साधारण दहा ते वीस आहे, पीआरचं त्याहून जास्त. आणि स्तन वाचवलेल्या बाईला बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कोपऱ्यात आलेली गाठ कधी कधी परतलेली नसतेच, ती नवी असते. नवीचं भवितव्य साधारणपणे बरं असतं.

फाइल

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतच्या आठवड्यात जुनी कागदपत्रं जमवा. पहिल्या ऑपरेशनचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. ऑपरेशनची नोंद, काखेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि किती बाधित होत्या. शेक दिला असेल तर त्याचा सारांश: किती ग्रे (शेकाच्या डोसचं माप), किती दिवस, कुठे-कुठे. हा कागद बहुतेकांकडे नसतो आणि नेमका तोच दुसऱ्या वेळी सगळ्यात मोलाचा ठरतो. केमोची औषधं, विशेषतः 'लाल' औषध (डॉक्सोरुबिसिन वगैरे) किती वेळा मिळालं, कारण त्याची आयुष्यभराची मर्यादा असते, हृदयामुळे. हार्मोनची, म्हणजे हार्मोन तोडणारी, गोळी कधी सुरू, कधी बंद, मध्ये किती महिने सोडली. खरं सांगा. ताईने दीड वर्ष टॅमॉक्सिफेन घेतलीच नव्हती, पाय सुजतात म्हणून, आणि हे तिने सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ते कळल्यावर त्यांचा चेहरा उलट जरा खुलला. का, ते पुढे येतं.

पहिल्या लॅबमधून मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइडही मागून घ्या. परळच्या टाटासारख्या मोठ्या केंद्रात बाहेरचे नमुने पुन्हा वाचतात, आणि जुना-नवा शेजारी ठेवून बघता येतो.

स्कॅन: ऑपरेशनच्या आधी, नंतर नाही

बायोप्सीत परतलेला रोग सिद्ध झाला की सगळं शरीर तपासतात. पेट-सीटी, किंवा तो परवडत नसेल तर छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन. तो मार्गही योग्यच आहे, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी करतात, आणि स्तन वाचवलेला असेल तर त्याचा एमआरआय बऱ्याचदा मागतात. रक्तातल्या मार्करवर, सीए १५-३ वगैरे, एकट्यावर कुठलाच निर्णय होत नाही.

पेट-सीटीत कुठेतरी एखादा ठिपका उजळतोच. आपल्या देशात फुप्फुसात टीबीचे जुने डाग असलेली माणसं कमी नाहीत, आणि तेही उजळतात. एकच संशयास्पद जागा असेल आणि तिच्यावरून बाईला चौथी स्टेज ठरवायची असेल, तर शक्य तिथे त्या जागेची बायोप्सी व्हावी असा आग्रह धरा.

किती आशा धरायची

'किती दिवस आहेत?' हा प्रश्न नवरा, मुलगा, जाऊ सगळे बाहेरच्या पॅसेजमध्ये विचारतात. बाई स्वतः आत विचारते, 'परत येईल का?' तिचा प्रश्न जास्त कामाचा आहे.

उत्तर पाच-सहा गोष्टींवर हलतं. पहिली, मधला काळ. दोन वर्षांच्या आत उलटलेला रोग सहसा जास्त आक्रमक असतो. पाच वर्षांनंतर उलटलेला सहसा सौम्य. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर उशिरा परतण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात साठ हजारांहून जास्त बायकांची माहिती होती. पाच वर्षं गोळी घेऊन संपवल्यानंतरही पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत रोग परतण्याचा धोका संथपणे चालूच राहिलेला दिसला. म्हणून 'सात वर्षांनी आला म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी चुकवलं' असं नसतं.

दुसरी गोष्ट जागा. वाचवलेल्या स्तनातली गाठ सगळ्यात बरी, स्तन काढल्यावर छातीवर आलेली त्याहून अवघड, गळपट्टीच्या वरच्या ग्रंथीत आलेली आणखी अवघड. तिसरी, पूर्ण काढता येते का. एक दाणा आणि कडा मोकळ्या, हे एक. कातडीवर पसरलेले वीस पुरळ, हे दुसरं. चौथी, हर-टू आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते). पाचवी, रोग उलटला तेव्हा बाई हार्मोनची गोळी घेत होती का. रोज इमानेइतबारे गोळी घेताना पहिल्या दोन वर्षांतच उलटला, तर तो त्या औषधाला जुमानत नाही असा अर्थ. गोळी संपून बरीच वर्षं झाल्यावर, किंवा ताईसारखी मधेच सोडल्यामुळे आला असेल, तर हार्मोनचं हत्यार अजून धारदार आहे. डॉक्टरांचा चेहरा खुलला तो यासाठी.

आकडा हवाच असेल तर हा घ्या. कॅलोर नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्थानिक किंवा शेजारच्या जागी परतलेला रोग पूर्ण काढलेल्या १६२ बायका होत्या. त्यातल्या ईआर पॉझिटिव्ह गटात दहा वर्षांनी दर शंभरात साधारण ६६ ते ७६ जणी हयात होत्या, आणि जवळपास निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त जणींचा रोग दुसऱ्यांदा परतला नव्हता. या निवडक बायका होत्या: ऑपरेशन पूर्ण झालेल्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या. पण 'परत आला म्हणजे संपलं' हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

ऑपरेशन

पूर्वी स्तन वाचवून शेक दिला असेल आणि गाठ त्याच स्तनात आली असेल, तर नेहमीचा सल्ला पूर्ण स्तन काढण्याचा. तो पचायला जड जातो, पहिल्या वेळी वाचवला होता ना! गाठ लहान, एकच आणि उशिरा आलेली असेल तर पुन्हा वाचवण्याचाही मार्ग आहे. अमेरिकेतल्या आरटीओजी १०१४ या छोट्या अभ्यासात ५८ बायकांची ३ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ काढून तेवढ्याच भागाला दुसऱ्यांदा शेक दिला. पाच वर्षांत त्या स्तनात रोग पुन्हा येण्याचं प्रमाण ५ टक्के होतं. आपल्याकडे हे सगळीकडे करत नाहीत. विचारायला मात्र हरकत नाही.

स्तन आधीच काढलेला असेल तर दाणा आणि भोवतालची कातडी मोकळ्या कडांसह काढतात. जागा मोठी उघडी पडली तर पाठीचा स्नायू फिरवून झाकतात. क्वचित बरगडीचा तुकडाही काढावा लागतो, पण ते काम छाती आणि प्लास्टिक सर्जन दोघे असलेल्या ठिकाणीच. ऑपरेशनच्या जागी धातूच्या बारीक क्लिपा ठेवायला सांगा; शेक देणाऱ्या डॉक्टरांना नेम धरायला त्या लागतात.

काखेत पहिल्या वेळी फक्त दोन-तीन सेंटिनेल ग्रंथी (रोग आधी जिथे पोचतो त्या) काढल्या असतील तर काखेची नव्याने तपासणी होते. आधीच पूर्ण काख साफ केली असेल तर उगाच परत उकरत नाहीत, हात सुजतो. गळपट्टीच्या वरच्या ग्रंथींसाठी सहसा कात्री वापरत नाहीत, तिथे औषध आणि शेक.

शेक

आमच्याकडे कुणी 'लाइट' म्हणतं, कुणी 'करंट', ताई शेकच म्हणते. इथे पहिला प्रश्न एकच: त्या जागी पूर्वी शेक घेतला होता का? नसेल तर आता घ्यायचा, यात फारसा वाद नाही. पूर्ण छाती आणि गरजेप्रमाणे ग्रंथी, नुसता दाण्याचा ठिपका नाही. पाच आठवड्यांत २५ वेळा ५० ग्रे, किंवा हल्ली बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा ४० ग्रे, आणि वर गाठीच्या जागेला थोडा जादा डोस. शेक काय करतो याची कल्पना जुन्या एनएसएबीपी बी-०६ चाचणीतून येते: गाठ काढून शेक न घेतलेल्यांत २० वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ३९ टक्के, घेतलेल्यांत १४ टक्के.

पूर्वी घेतला असेल तर गणित अवघड. कातडी, बरगड्या, डाव्या बाजूला हृदय यांनी आयुष्यभराचा बराच डोस आधीच खर्च केलेला असतो. तरी दुसऱ्यांदा शेक अशक्य नाही. मधे किती वर्षं गेली, किती भाग आहे यावर ठरतं. म्हणूनच तो जुना सारांशाचा कागद शोधा म्हटलं. डाव्या बाजूला असेल तर श्वास भरून धरायला लावून हृदय लांब नेतात. ताई घरी आरशासमोर वीस सेकंद श्वास धरायचा सराव करायची आणि मधेच हसू फुटून सोडायची.

केमो घ्यायचीच का?

घरच्यांना वाटतं मोठा रोग, मोठं औषध. हार्मोनवर चालणाऱ्या परतलेल्या रोगात तसं नाही. वर सांगितलेली कॅलोर चाचणी नेमकी याच प्रश्नासाठी होती. ईआर निगेटिव्ह बायकांत केमोने दहा वर्षांनी रोगमुक्त राहण्याचं प्रमाण ३४ वरून ७० टक्क्यांवर गेलं, दुप्पट. ईआर पॉझिटिव्ह बायकांत केमो घेतलेल्यांचं ५० टक्के, न घेतलेल्यांचं ५९. म्हणजे फायदा दिसला नाही. म्हणून पूर्ण निघालेल्या ईआर पॉझिटिव्ह रोगात बरेच डॉक्टर केमो टाळून हार्मोनवर भर देतात.

अपवाद असतात: ईआर अगदी कमी, वाढ फार वेगाची, रोग लवकर उलटलेला. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर खेळच वेगळा, हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब आणि त्याच्या सोबतीला केमो. डॉक्टरांना सरळ विचारा: 'माझ्या बाबतीत केमोने नेमका किती फायदा होईल?' पहिल्या वेळच्या गाठीसाठी असलेल्या महागड्या जनुकीय चाचण्या परतलेल्या गाठीसाठी बनलेल्या नाहीत, त्यावर लाखो रुपये घालवण्याआधी दुसरं मत घ्या.

हार्मोनचा उपचार, म्हणजे खरा उपचार

छोटीशी गोळी, रोज एक, म्हणून लोक हिला दुय्यम मानतात. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात छातीवर परतलेला रोग काढून आणि शेक देऊन झाल्यावर अर्ध्या बायकांना टॅमॉक्सिफेन दिली. पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण ३६ वरून ५९ टक्क्यांवर गेलं. जुनी, स्वस्त गोळी.

कुठली गोळी हे पाळीवर ठरतं. पाळी कायमची गेलेल्या बाईत इस्ट्रोजेन चरबीत तयार होतं, लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, ॲनास्ट्रोझोल १ किंवा एक्झेमेस्टेन २५, यांतली एक गोळी तो कारखाना बंद करते. पाळी चालू असलेल्या बाईत मुख्य कारखाना बीजकोश, तिथे या गोळ्या एकट्या चालत नाहीत, उलट बीजकोशाला डिवचतात. म्हणून आधी बीजकोश झोपवायचे, दर महिन्याच्या गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने, नाहीतर छोट्या ऑपरेशनने काढून, आणि मग गोळी. टॅमॉक्सिफेन दोन्ही गटांत चालते.

एक खड्डा दाखवून ठेवते. पंचेचाळिशीच्या बाईची पाळी केमोने थांबली की 'पाळी गेली' असं लिहून थेट लेट्रोझोल देतात. केमोने थांबलेली पाळी परत येऊ शकते, आणि रक्त न येताही बीजकोश जागे होऊ शकतात. इस्ट्रॅडिऑलची (रक्तातल्या इस्ट्रोजेनची) तपासणी करून खात्री करा, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करा.

आधी जी गोळी चालू असताना रोग उलटला, तीच परत देण्यात अर्थ नसतो. टॅमॉक्सिफेनवर उलटला तर लेट्रोझोलच्या गटातली, त्या गटावर उलटला तर फुलवेस्ट्रंटची इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत, पहिल्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याला. पूर्ण काढता न येणाऱ्या रोगात पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब हे गोळीच्या जोडीला येतात. पॅल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत कोसळली. त्याआधी कित्येक घरं या एका औषधापायी कर्जात गेली. पूर्ण निघालेल्या स्थानिक रोगात ही औषधं कितपत द्यावीत, यावर डॉक्टरांत एकमत नाही. महागडं म्हणून आपणहून मागू नका, स्वस्त म्हणूनही नाही.

ही औषधं घेताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, रायबोसिक्लिबला ईसीजीही. आणि पपनस खायचं नाही! ग्रेपफ्रूट टाळा असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आपण म्हणतो ते कोण खातंय. पपनस त्याचंच भावंड, औषधाची रक्तातली पातळी वाढवू शकतं. गणपतीत कोकण-गोव्याकडे माटोळीला टांगलेलं पपनस नंतर घरात सोलून वाटतात, तेव्हा लक्षात ठेवा. टॅमॉक्सिफेनवर असाल तर नैराश्यासाठीच्या पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या गोळ्या तिचा परिणाम कमी करतात. मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, दुसऱ्या देता येतात. शतावरीचे कल्प, 'बायकांसाठीची' टॉनिकं, काढे, यातलं काय चालू आहे ते डॉक्टरांपासून लपवू नका.

काढता येत नसेल तर

गाठ मोठी, हाडाला चिकटलेली, किंवा कातडीभर पसरलेली असेल तर आधी औषध आणि मग विचार. हार्मोनचं औषध सावकाश काम करतं. परिणाम जोखायला चार-सहा महिने द्यावे लागतात, आणि पहिल्या महिन्यात गाठ तेवढीच दिसली म्हणून घाबरून औषध बदलायचं नसतं. अशा वेळी एका डॉक्टरच्या मतावर जाऊ नका. सर्जन, शेक देणारे आणि औषध देणारे तिघे एकत्र बसतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. देशभरातली शेकडो रुग्णालयं राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्या मतासाठी दर वेळी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

घरात आई, मावशी, बहीण कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असेल, किंवा पहिला रोग कमी वयात झाला असेल, तर बीआरसीए जनुकाची रक्ततपासणी विचारा. त्याने दुसऱ्या स्तनाचा आणि बीजकोशांचा निर्णय बदलतो, आणि मुलींनाही कळतं.

पैसे आणि मुक्काम

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक, ऑपरेशन आणि केमोचे बरेच उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याच्या आधी भेटा. मंजुरी आधी लागते, रोख भरून मग योजना मागितली तर हात चोळत बसावं लागतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. समाजसेवा विभागात जाऊन तसं स्पष्ट मागा, आपणहून कुणी सांगत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. परळला आलात तर नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही मुक्कामाची जुनी नावं आहेत. रांग असते, पोचायच्या आधी चौकशी करा.

गोळीबरोबरची वर्षं

लेट्रोझोलच्या गटाने सकाळी सांधे आखडतात. ताईला पोळ्या लाटताना बोटं मिटत नसत. रोजचं चालणं आणि हलका व्यायाम यांनी फरक पडतो. नाही पडला तर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात. आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून बदला. टॅमॉक्सिफेनवर एका पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा पाळी गेलेली असताना अंगावरून रक्त गेलं, तर त्याच दिवशी दाखवा. पाळी चालू असलेल्या बाईने टॅमॉक्सिफेनवर दिवस राहू देऊ नयेत. तांबी चालते, गर्भनिरोधक गोळ्या नाहीत.

तपासणी सुरुवातीची काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, म्हणजे हाताने छाती, काख आणि गळा तपासणं, आणि उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करण्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. पैसे जातात आणि स्कॅनच्या आधीची पंधरा दिवसांची झोप जाते. महिनाभर न थांबणारं हाडाचं दुखणं, धाप, कावीळ, सततची डोकेदुखी, यासाठी मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका.

हाडांची घनता डेक्सा स्कॅनने सुरुवातीलाच मोजून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू ठेवा. घनता कमी असेल तर सहा महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, ४ मिलिग्रॅम, सलाइनमधून. त्याच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या, कारण इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही अशी वेळ येऊ शकते. ताईची खालची एक दाढ वर्षभर हलत होती. "पडेल आपोआप," म्हणत होती. ती आधी काढून घेतली, हिरडी भरू दिली, आणि इंजेक्शन दोन महिने पुढे ढकललं.